कारखान्यातील माहिती (लेखांक ४) : नोंदीचा मालक कोण?

वाहन कारखान्यात लागणाऱ्या प्रत्येक सुट्या भागाची संगणकात एक कायमची नोंद असते. तिला मटेरियल मास्टर म्हणतात. भागाचा क्रमांक, ड्रॉइंग आणि त्याचे रिव्हिजन, मोजण्याचे एकक, एचएसएन कोड (करासाठी मालाचे वर्गीकरण दाखवणारा), पुरवठादार, किमान साठा असे अनेक रकाने तिच्यात असतात. नोंद एकदा तयार झाली की खरेदीची ऑर्डर, इनवर्ड, उत्पादन, बिल आणि कर हे सगळे तिच्या आधारानेच चालते. ती भरायला लागणारी समज मात्र कोणत्याही एका खात्याकडे नसते. ड्रॉइंग डिझाइनवाल्यांना कळते, एचएसएन वित्त खात्याला, किमान साठा प्लॅनिंगला. आयटी खात्याला यातले फारसे काही ठाऊक नसते, पण नोंद ज्या प्रणालीत राहते ती त्याच्या ताब्यात असते. त्यामुळे काही बिघडले की ‘सिस्टीममध्येच तसे होते’ असे उत्तर मिळते आणि चूक कोणाचीच ठरत नाही. धंदा सांभाळणारी खाती आणि तंत्र सांभाळणारे खाते यांच्यात माहितीची जबाबदारी कशी वाटायची, हा या लेखाचा विषय आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण इथला उद्योग थराथरांनी वाढला आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी अस्तित्वात आली, आणि त्याच दशकात टेल्को व बजाज यांनी इथे पाय रोवले. त्यांना माल पुरवणारी वर्कशॉपे भोसरी, चिंचवड, तळवडे भागात उभी राहिली. चाकणला १९९९ मध्ये बजाजचा, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचा, २०१० मध्ये महिंद्रचा कारखाना सुरू झाला. आज एखादा भाग चाकणच्या मोठ्या पुरवठादाराकडे जुळवला जातो, त्याचे मशिनिंग भोसरीत होते आणि प्लेटिंग आणखी तिसऱ्याच गाळ्यात. वरच्या थरात एसएपीसारखी ईआरपी, मधल्या थरात दुसरी कुठली तरी, गाळ्यात टॅली, आणि या सगळ्यांमध्ये ये-जा करणारी एक्सेलची फाइल. प्रत्येक सांध्यावर कोणीतरी आकडे पुन्हा हाताने भरत असते.

साध्या बोल्टचे उदाहरण घेतले तर वाटणीचा पेच स्पष्ट होतो. पोलादी बोल्ट, नट, स्क्रू हे एचएसएनच्या ७३१८ या शीर्षकात येतात, मोटारींचे भाग ८७०८ मध्ये, दुचाकींचे ८७१४ मध्ये. सर्वसाधारण वापराचा भाग वाहनासाठीच बनवलेला असला तरी तो वाहनाच्या भागांत धरायचा नाही, असे करवर्गीकरणाच्या टिपा सांगतात. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आला तेव्हापासून ७३१८ वर १८ टक्के आणि ८७०८ वर २८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांचे भागही १८ टक्क्यांवर आले. म्हणजे मधली आठ वर्षे एका रकान्यातली चूक दहा टक्क्यांची पडत होती. ही चूक बहुधा बेपर्वाईतून होत नसे. वित्त खात्याला नोंदीत ‘बोल्ट, एम१०’ एवढेच वर्णन दिसे. तो बाजारात मिळणारा साधा बोल्ट आहे, की विशिष्ट आकार दिलेली, बोल्टसारखी दिसणारी पिन, हे ड्रॉइंग पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि ड्रॉइंग डिझाइन खात्यात असते. अशा वेळी आयटी खाते एक सोपा उपाय सुचवते : रकाना सक्तीचा करायचा. रकाना मग रिकामा राहत नाही, पण घाईत असलेला माणूस शेजारच्या भागाचा कोड उचलून तिथे टाकतो. सक्तीने रकाने भरतात, अर्थ भरत नाही.

चालणारी वाटणी वेगळी असते. भागाचे वर्णन डिझाइनने लिहायचे, कोड वित्त खात्याने ठरवायचा, आणि वित्त खात्याची मंजुरी येईपर्यंत त्या भागाची ऑर्डर निघू नये याची सोय आयटीने प्रणालीत करायची. एकदा ठरलेला कोड बिल बनवणाऱ्याला बदलता येऊ नये, हेही त्यातच आले. पूर्वी अशा चुका महिनाअखेरीस अकाउंटंट निस्तरत असे. ई-इन्व्हॉइस आल्यावर ती सवड गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरील उलाढालीपासून सुरू झालेली ही सक्ती ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवरील उलाढालीपर्यंत खाली आली. बिल आता सरकारी पोर्टलवर आधी नोंदवले जाते आणि मग ट्रक गेटबाहेर पडतो. पोर्टलवरचे बिल दुरुस्त करता येत नाही. फार तर २४ तासांच्या आत रद्द करता येते.

एककाचा गोंधळ याहून जुना आहे. कारखान्यात बोल्ट नगावर मोजतात, प्लेटिंगवाला किलोवर घेतो आणि किलोवरच बिल लावतो. चलनावर किलो, स्टोअरच्या खात्यात नग. जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा, असे जीएसटी कायदा सांगतो. पण पाठवताना एक एकक आणि परत येताना दुसरे असेल, तर हिशेब जुळण्याची शक्यताच उरत नाही. रूपांतराचे गणित प्रणालीत बसवणे आयटीला अवघड नाही. एका नगाचे वजन कोणते धरायचे, प्लेटिंगच्या आधीचे की नंतरचे, आणि किती फरक चालवून घ्यायचा, हे मात्र स्टोअर, क्वालिटी आणि खरेदी यांनी बसून ठरवायचे असते. ते ठरले नाही की प्रोग्रॅमर स्वतःच्या अंदाजाने एक आकडा घालतो आणि तोच पुढे नियम होऊन बसतो.

तिसऱ्या पाळीचा प्रश्न याच जातीचा. रात्री साडेअकराला सुरू होऊन सकाळी सातला संपणाऱ्या पाळीचे उत्पादन कोणत्या तारखेचे? शॉपफ्लोअरवर ते आदल्या दिवसाचे धरतात, संगणक मध्यरात्री तारीख बदलतो. मग उत्पादन खात्याचा आकडा आणि ईआरपीचा अहवाल रोज थोडे वेगळे येतात आणि सकाळच्या बैठकीतला पहिला अर्धा तास त्यातच जातो. ‘उत्पादन दिनांक’ आणि ‘नोंद दिनांक’ असे दोन रकाने ठेवले की प्रश्न मिटतो. पण दोन रकाने हवेत हे उत्पादन खात्याच्या लक्षात येत नाही, कारण त्याच्या मनात एकच तारीख असते. आयटीच्याही लक्षात येत नाही, कारण पाळीचा हिशेब त्याला कोणी सांगितलेला नसतो. मशीन थांबण्याच्या कारणांचेही असेच होते. कारणांची यादी कार्यालयात बसून केली आणि ती पस्तीस कारणांची झाली, तर ऑपरेटर सरळ ‘इतर’ दाबतो. सुपरवायझरला सोबत घेऊन केलेली आठ-दहा कारणांची यादी दिसायला ढोबळ असते, पण मशीन कशामुळे थांबते हे तिच्यातूनच कळते.

पुरवठादारांच्या नोंदींत सर्वांत उघडपणे पैसा अडकतो. एकच वर्कशॉप दोन नावांनी नोंदले जाते : एकदा मालकाच्या नावाने, एकदा ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ जोडून. इथे तंत्राचा खरा उपयोग होतो. जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढचे दहा पॅनचे, शेवटचे चिन्ह पडताळणीचे. एकाच पॅनवर दोन कोड उघडले जात असतील किंवा क्रमांक चुकीचा टंकला असेल, तर प्रणाली तिथल्या तिथे अडवू शकते. पण गाळा भोसरीहून कुरुळीला हलला, किंवा भागीदार वेगळे होऊन एकाचे दोन व्यवसाय झाले, हे खरेदी खात्याच्या माणसालाच ठाऊक असते. आयकरातील ४३बी(एच) या तरतुदीने २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून त्यात भर घातली. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे देणे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत चुकते झाले नाही, तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. मध्यम उद्योगांना ही तरतूद लागू नाही. पुरवठादार सूक्ष्म, लघू की मध्यम, हे उद्यम प्रमाणपत्रावर असते. ते गोळा करते खरेदी खाते, फटका बसतो वित्त खात्याला, आणि दरवर्षी ते ताजे करण्याचे काम कोणाच्याच यादीत नसते.

या कामांना जगभर ठरावीक नावे आहेत. डामा या संघटनेने २००९ मध्ये माहिती-व्यवस्थापनाचा मार्गदर्शक ग्रंथ काढला आणि २०१७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. त्या परंपरेत माहितीचा ओनर हा धंद्याच्या बाजूचा अधिकारी असतो. रकान्याचा अर्थ तो ठरवतो आणि चुकीचे परिणामही त्याच्याच माथी असतात. रोजची देखरेख स्टुअर्ड करतो, आणि साठवण, बॅकअप, प्रवेशाचे हक्क, बदलांची नोंद ही तंत्रखात्याकडे असतात. इथल्या कारखान्यांत स्टुअर्डचे पद कागदावर नसले तरी माणूस बहुधा असतोच. ज्याला विचारल्याशिवाय नवा पार्ट नंबर उघडत नाही, असा स्टोअरमधला किंवा प्लॅनिंगमधला जुना कर्मचारी. त्याला अधिकार आणि वेळ देणे हे नवे सॉफ्टवेअर घेण्यापेक्षा स्वस्त पडते. अनेक कंपन्या मात्र हे सगळे आयटीच्या गळ्यात घालतात. ज्याला अर्थ ठरवता येत नाही त्याला मालक केल्याने काम अडते. आयटीला बैठकीला न बोलावणेही तितकेच महागात पडते. कोणता रकाना पुढे कुठे कुठे वापरला जातो हे त्यालाच माहीत असते, आणि एकक बदलले की कॉस्टिंगचे सूत्र कोलमडेल हे तोच सांगू शकतो.

बदलाच्या वेळी या वाटणीची परीक्षा होते. बीएस-४ या जुन्या प्रदूषण-निकषांच्या वाहनांची विक्री आणि नोंदणी १ एप्रिल २०२० पासून बंद होणार हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने ठरले होते. प्रश्न होता जुन्या भागांचा साठा कोणत्या दिवशी, कोणत्या चेसिस क्रमांकापर्यंत संपवायचा. प्रणालीत बदल तारखेनुसार लावता येतो किंवा चेसिस क्रमांकानुसार. त्यातले काय निवडायचे हे प्लॅनिंग, खरेदी आणि डिझाइन यांनी एकत्र ठरवायचे असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेले आणि एप्रिल २०२१ पासून लागू झालेले कलम ११०अ सदोष वाहने परत बोलावण्याचे अधिकार सरकारला देते. सदोष बोल्टचा लॉट कोणत्या १७ अक्षरी चेसिस क्रमांकांवर गेला हे सांगता आले, तर थोडीच वाहने बोलवावी लागतात. सांगता आले नाही, तर त्या काळातली सगळी.

युरोपला बोल्ट पाठवणाऱ्यांपुढे आता आणखी रकाने आले आहेत. युरोपीय संघाच्या कार्बन सीमा-कराची माहिती देणे १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाले, त्याचा पक्का टप्पा १ जानेवारी २०२६ पासून आहे, आणि ७३१८ हे शीर्षक त्याच्या यादीत आहे. आयातदार चाकणच्या पुरवठादाराकडे उत्सर्जनाचे आकडे मागतो. भट्टीच्या गॅसची नोंद मेंटेनन्सच्या रजिस्टरात, विजेचे बिल अकाउंट्समध्ये, पोलाद कोणत्या गिरणीचे हे क्वालिटीकडच्या टेस्ट सर्टिफिकेटवर. मटेरियल मास्टरमध्ये यासाठी जागा नाही. नवा रकाना भागाच्या क्रमांकाला जोडायचा की पोलादाच्या हीट क्रमांकाला, हे आधी ठरवावे लागते, कारण एकच बोल्ट दोन गिरण्यांच्या पोलादापासून बनला तर त्याचे उत्सर्जनाचे आकडेही दोन येतात.