तिरंगा टोमॅटो आणि पांढरी माती

पहाटे 5
बाबा दादरच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट घेऊन आले. वरळी नाक्यावर आमची भाजीची गाडी साडेसहाला लागते, त्याआधी माल निवडायचा. निवडता निवडता एका फळावर हात थांबला. एका बाजूनं लाल, दुसरीकडे पिवळे चट्टे, देठाजवळ हिरवं. कापलं तर आतला गर काळपट. बाबा एवढंच म्हणाले, "तिरंगा. बाजूला टाक."

हा शब्द आमच्या घरात 2020 च्या उन्हाळ्यात आला. जुन्नर, संगमनेर, अकोले भागात टोमॅटो असेच रंग धरू लागले होते. नारायणगावजवळ मामांचा एक एकर त्यात गेला. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा त्यांत कुकुंबर मोझॅक विषाणू सापडला. हा विषाणू मावा पसरवतो. त्या वर्षी मामा फवारत राहिले, पण फवारा माव्याला मारतो, विषाणूला नाही. मावा मरायच्या आधीच पानात सोंड खुपसून विषाणू देऊन मोकळा होतो. त्याला काही सेकंद पुरतात.

सकाळी 9.30
माटुंग्याची प्रयोगशाळा. याच विषाणूविरुद्धच्या फवाऱ्यावर मी इथे काम करते. काल संध्याकाळी 100 अंशांवर ठेवलेलं भांडं सोळा तासांनी बाहेर काढलं. आत पातळ ताकासारखं पांढरं द्रावण. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमच्या क्षारांपासून केलेली ही माती. तिचे पापुद्रे नॅनोमीटरात मोजायचे. एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर बसतात.

पापुद्र्यांवर धन भार असतो, आरएनएवर ऋण, म्हणून आरएनए त्यांना चिकटतो. आम्ही चिकटवतो तो दुपदरी आरएनए, विषाणूच्याच एका जनुकाच्या नकलेचा. पान तो ओळखतं, त्याचे बारीक तुकडे करतं आणि त्या तुकड्यांच्या खुणेनं खरा विषाणू शोधून कापतं. ही यंत्रणा सजीवांत आधीपासूनच आहे. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये ती एका कृमीत उलगडून दाखवली आणि 2006 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आमचं जनुक '2बी'. झाडाची हीच प्रतिकारयंत्रणा दाबून टाकायला विषाणू ज्याचा वापर करतो, ते जनुक. त्याचं हत्यार त्याच्यावरच उलटवायचं, ही कल्पना मला आजही थक्क करते. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात नीना मित्तर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये ती तंबाखूच्या रोपांवर करून दाखवली. नुसता आरएनए फवारला तर थोड्याच दिवसांत त्याचा असर जातो. मातीवर बसवलेल्या आरएनएनं एका फवाऱ्यात वीस दिवस संरक्षण दिलं. विषाणू तोच, मामांच्या शेतातला.

दुपारी 1
डबा. भेंडी, गाडीवर उरलेली.

दुपारी 3.30
दिवसातला खरा तास हा : आरएनए मातीला पुरता चिकटला का, ते बघायचं. जेलच्या पहिल्या खाचेत नुसता आरएनए, पुढच्या खाचांत वाढत्या प्रमाणात माती मिसळलेला. वीज सोडली की मोकळा आरएनए खाली धावतो, मातीला धरलेला खाचेतच बसून राहतो. अतिनील दिव्याखाली पाहिलं. शेवटच्या रांगेत सगळा आरएनए वरच थांबायला हवा होता. खाली एक फिकट पट्टी दिसत होती. पुन्हा पाहिलं. होतीच.

कारण मला ठाऊक होतं. काल माती करताना नायट्रोजनचा सिलिंडर संपत आला होता आणि मी घाई केली. भांड्यात हवा गेली, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून कार्बोनेट झालं आणि त्यानं पापुद्र्यांतल्या जागा अडवल्या. पण पानावर हाच वायू आमच्या बाजूनं असतो. दवासोबत तो मातीला हळूहळू विरघळवतो, आरएनए सुटा होतो आणि माती पानावर साचून राहत नाही. मला या पद्धतीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

वहीत लिहिलं : माती बाद. सिलिंडर नवा. पुन्हा.

संध्याकाळी 7.30
वरळी नाका. बाबांना जेवायला पाठवून गाडीवर उभी राहिले. मामांचा फोन आला. नव्या रोपांची ऑर्डर द्यायची होती.

"अगं, तुझं ते औषध कधी मिळायचं?"

"मामा, अजून ते भांड्यात आहे. आणि तयार झालं तरी लागण व्हायच्या आधी मारायचं. रोग आलेल्या झाडाला त्याचा उपयोग नाही."

"मग औंदा काय करू?"

"रोपवाटिकेला जाळी आहे का, ते बघून रोपं घ्या. बांधावरचं तण काढा. पहिलं रोगट झाड दिसलं की उपटून लांब पुरा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दुकानदार नॅनोची बाटली देतो म्हणतो. व्हायरसवर गॅरंटी."

ही बाटली अनेकांना दाखवली जाते, म्हणून त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते. पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा : कोणत्या विषाणूवर? कोणत्या पिकावर तपासलं? एका फवाऱ्याचा असर किती दिवस? तिन्हींची उत्तरं लेखी मिळाली नाहीत, तर बाटली परत द्या.