फवारलेले औषध जाते कुठे?

आपल्या सोलापूर जिल्ह्यात शेतमजुरीवर जगणारी आपली कुटुंबे पुष्कळ आहेत. बाग मालकाची, पण फवारणीचा पंप बहुधा मजुराच्या पाठीवर! फवारणी झाली की आपण म्हणतो, ‘पाऊस पडला की औषध धुऊन जाईल.’ आम्हीही तसेच समजत होतो. धुऊन जाते हे खरे, पण जाते कुठे?

बंधू-भगिनींनो, ज्याला आपण औषध म्हणतो ते विष आहे. फवारलेल्या विषाचा बराच भाग जमिनीवर पडतो. पुढे त्याचे काही अंश मातीला चिकटतात, काही पाण्याबरोबर खाली उतरतात, तर काही मातीतील सूक्ष्म जंतू हळूहळू मोडून टाकतात. कोणते किती, हे विषाच्या जातीवर आणि मातीच्या पोतावर ठरते.

मंगळवेढ्याची ज्वारी पिकवणारी काळी जमीन घ्या. तिच्यातील चिकण कण पॅराक्वाटसारख्या तणनाशकाला घट्ट धरून ठेवतात. डीडीटी तर मातीतील कुजलेल्या काडीकचऱ्याला चिकटून वर्षानुवर्षे राहते. म्हणूनच शेतीतील त्याच्या वापरावर १९८९ साली बंदी आली. मात्र चिकटलेले विष जागेवरच राहील असे नाही. जोराच्या पावसात माती वाहिली की तिच्याबरोबर तेही ओढ्याला जाते.

सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा पुष्कळशा हलक्या, मुरमाड जमिनीवर आहेत. तेथे धरून ठेवणारी माती कमी. इमिडाक्लोप्रिडसारखे पाण्यात विरघळणारे कीटकनाशक अशा जमिनीतून सहज खाली उतरू शकते. काळ्या रानालाही एक खोट आहे. उन्हाळ्यात तिथे हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट खाली जाते, आणि मातीला चिकटायची सवड न मिळालेले विषही त्याबरोबर जाते. खाली कोण आहे? आपली विहीर, आपला हातपंप.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते मरण सर्वांना दिसले. पाण्यातून थोडे थोडे पोटात जाणारे विष दिसत नाही, वासही येत नाही. तुरटी फिरवली, पाणी उकळले, तरी ते जाईल असा भरवसा नाही.

म्हणून काही गोष्टी आजपासून कराव्यात. पंप व डबे विहीर, हातपंप, ओढा यांच्याजवळ धुऊ नयेत. रिकाम्या डब्यात पाणी किंवा धान्य भरू नये. आभाळ भरून आले असता फवारणी करू नये. मालकाला तसे स्पष्ट सांगावे. शेणखत घातले, बांध राखले तर माती आणि विष दोन्ही जागेवर थांबायला मदत होते. ग्रामसभेत भगिनींनी पुढे होऊन मागणी करावी, की वस्तीच्या पाण्यात कीटकनाशके आहेत का, याचीही तपासणी व्हावी. नेहमीच्या जंतूंच्या तपासणीत ते कळत नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावरचा आपला हक्क जगाला दाखवला. ते पाणी विषमुक्त असावे, हे मागणेही त्याच हक्कात येते. ते आपणच मागितले पाहिजे.

जयभीम!