झावळीची राख आणि पश्चिमेची कोर

फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या बुधवारी वर्गातल्या ख्रिस्ती मैत्रिणीच्या कपाळावर काळपट क्रूस दिसला, तर "अगं, काहीतरी लागलंय, पूस!" म्हणून रुमाल पुढे करू नका हं. ती राख आहे, आणि तिनं ती मुद्दाम लावून घेतली आहे. त्या दिवसाला राखेचा बुधवार म्हणतात. तिथून ईस्टरच्या सणापर्यंत उपवासकाळ चालतो.

आता ओळखा, ही राख येते कुठून? चुलीतून? शेकोटीतून? अंहं! ती असते गेल्या वर्षीच्या आनंदाची राख. येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी झाडांच्या फांद्या, झावळ्या घेऊन त्याचं स्वागत केलं होतं. त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, लोक हातात झावळ्या घेऊन मिरवणूक काढतात. त्यातल्या काही वर्षभर घरात जपून ठेवतात. त्या सुकतात, पिवळ्या पडतात, आणि पुढच्या उपवासकाळाच्या तोंडावर चर्चमध्ये जाळल्या जातात. त्यांचीच ही राख!

पण राख काळी का? झावळी हिरवी होती तेव्हा तिनं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्या कार्बनपासून स्वतःला घडवलं. जाळल्यावर बराचसा कार्बन पुन्हा हवेत गेला, आणि जो पुरता जळला नाही तो काळा होऊन मागे राहिला. राखेचा करडा भाग म्हणजे झाडानं मातीतून शोषलेली खनिजं. मातीचं मातीला, हवेचं हवेला! राख लावताना धर्मगुरू हीच आठवण करून देतात की माणूस मातीतून आला आहे आणि मातीतच मिसळणार आहे. ऐकायला गंभीर वाटतं ना? पण कपाळावर हे लिहून घेतलं की शेजाऱ्याशी धरलेला अबोला, कुणाची लपवलेली वही, आईला मारलेली थाप, हे सगळं लवकर निस्तरावंसं वाटतं. या निस्तरण्यालाच प्रायश्चित्त म्हणतात. फार जुन्या काळापासून यहुदी लोक चूक उमगली की अंगाला राख फासत. बायबलमधल्या योनाच्या गोष्टीत तर निनवे शहराचा राजा सिंहासनावरून उतरून थेट राखेत बसतो!

मला राखेची आणखी एक करामत फार आवडते. आजीला विचारा, पूर्वी भांडी कशानं घासायची? राखेनं! राखेत पोटॅशियम कार्बोनेट नावाचा क्षार असतो. तेलकट कढईवर ओली राख चोळली की तो क्षार तेलाची पकड सोडवतो आणि बारीक कण खरवडण्याचं काम करतात. (राखेचं पाणी कातडीला झोंबतं, तेव्हा हा प्रयोग मोठ्यांसोबतच करा.) म्हणजे जळून उरलेली वस्तूच घासूनपुसून लख्ख करते! मन घासायला काढायच्या दिवसांची सुरुवात राखेनं व्हावी, हे किती नेमकं आहे!

हे घासणं ४० दिवस चालतं, कारण येशूनं वाळवंटात ४० दिवस उपवास केला होता. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलंत तर मात्र ४६ भरतील. त्यातले सहा रविवार वगळा, कारण रविवार हा येशू पुन्हा जिवंत झाल्याचा आनंदाचा वार. बाकीचे दिवस प्रार्थनेचे, उपवासाचे आणि दानाचे. कुणी मांस सोडतं, कुणी मिठाई, आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी डब्यात पडतात. कॅथलिक चर्चच्या नियमात १४ वर्षांखालच्या मुलांना मांस वर्ज्य करण्याची सक्ती नाही, पण डब्यात नाणं टाकायला वयाची अट कुठे असते?

मग हा बुधवार दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो? कारण त्याची दोरी चंद्राच्या हातात आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. तिथून ४६ दिवस मागे गेलं की आपण येतो अमावास्येच्या आसपास. म्हणून राखेच्या बुधवारी चंद्र बहुधा नुसती कोर असतो!

२०२७ मध्ये हा बुधवार १० फेब्रुवारीला आहे. त्या दिवशी सूर्य मावळल्यावर गच्चीवर जा आणि पश्चिमेला बघा. ती कोर वाढत वाढत पूर्ण होईल, झिजत झिजत दिसेनाशी होईल आणि पुन्हा भरू लागेल. २२ मार्चला, आपल्या होळीच्या पौर्णिमेला, ती दुसऱ्यांदा पूर्ण होईल, आणि त्यानंतरच्या रविवारी, २८ तारखेला, तुमची मैत्रीण ईस्टरचा खाऊ घेऊन येईल.