हमरापुरातून डॉक्टर व्हायचंय? मग हे वाचाच

हमरापूर, जोहे, कळवे इथे गणपतीच्या तोंडावर मूर्तींच्या कारखान्यांतले दिवे मध्यरात्रीपर्यंत विझत नाहीत. घरची मुलंही रंगकामाला बसतात. बारावीच्या वर्षात हा मोसम ऐन अभ्यासात येतो, म्हणून अकरावीचा सगळा भाग मे महिन्यातच पुन्हा वाचून ठेवा.

डॉक्टर होण्यासाठीच्या नीट या प्रवेश परीक्षेचं गणित असं: 180 प्रश्न, 720 गुण. त्यातले 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे! बरोबर उत्तराला 4, चुकलं की 1 वजा. जीवशास्त्रासाठी एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न ओळ वाचा, आकृत्यांखालचा मजकूरसुद्धा. ही पुस्तकं एनसीईआरटीच्या वेबसाइटवर फुकट आहेत. बोर्डासाठी बालभारती सोडू नका.

अकरावी-बारावीच्या छोट्या कॉलेजला कमी लेखू नका. वर्गात मुलं थोडी असली की सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड निवांत बघता येते, अडलेलं गणित सरांना तिथल्या तिथे विचारता येतं. मला हे महागड्या क्लासपेक्षा मोलाचं वाटतं.

नीटचा पेपर मराठीतही देता येतो. पुस्तिकेत सोबत इंग्रजीही असतं आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. त्यामुळे संज्ञा दोन्ही भाषांत पाठ हव्यात.

सरकारी वैद्यकीय कॉलेजांतल्या 85 टक्के जागा राज्य कोट्यातून भरतात. आपल्या रायगड जिल्ह्यात अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डोमिसाइल आणि लागू असेल तर जात पडताळणी प्रमाणपत्र निकालाआधीच हातात असू द्या. या दाखल्यांसाठी अर्ज आजच करा.