पन्हाळ्यावरची दुर्बीण आणि तिचा तोल

हिवाळ्यातल्या एका रात्री आम्ही पन्हाळ्यावर दुर्बीण मांडली होती. गुरू ग्रह दाखवायचा होता. रांगेत गडावरच्याच एक आजी होत्या. तासभर थंडीत उभ्या राहिल्यावर त्यांची पाळी आली. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "काय बी दिसंना की हो, मास्तर!" गुरू निसटून गेला होता. मी घाईघाईने पकड सैल केली, तर नळी धाडकन खाली झुकली. एका मुलाची बोटे तिच्याखाली येता येता वाचली. दोष दुर्बिणीचा नव्हता, माझा होता. गडावर पोहोचायला उशीर झाला, म्हणून तोल साधण्याचे काम मी टाळले होते.

गुरू निसटतो तो कसा, ते पाहू. पृथ्वी स्वतःभोवती 23 तास 56 मिनिटांत एक फेरी करते. म्हणजे चार मिनिटांत आकाश सुमारे एक अंश सरकते. दुर्बिणीतून आकाशाचा अर्धा अंश भाग दिसत असेल, तर ग्रह एका कडेपासून दुसऱ्या कडेला जेमतेम दोन मिनिटांत जातो. दोघांनी पाहिले की तिसऱ्याला अंधार!

यावर उपाय म्हणजे विषुववृत्तीय बैठक. हिला दोन अक्ष असतात. त्यांतला एक पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायचा. मग तेवढा एकच अक्ष सावकाश फिरवला, की तारा दृष्टीत टिकून राहतो. हा अक्ष किती कलता ठेवायचा? जितका गावाचा अक्षांश, तितका. पन्हाळ्याचा अक्षांश 16.8 आहे, म्हणजे सतराला थोडा कमी. ध्रुवताराही क्षितिजापासून जवळपास तेवढ्याच उंचीवर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे 10 अंश झाकते. तेव्हा दोन मुठींच्या आत ध्रुव सापडलाच पाहिजे. हिवाळ्यात सायंकाळी शर्मिष्ठेवरून तो शोधता येतो. होकायंत्र वापरणार असाल, तर ते लोखंडी वजनापासून लांब धरा.

हा कल गावोगावी बदलतो. पुण्यात 1888 साली स्थापन झालेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत प्राध्यापक कावसजी नेगामवाला यांच्याकडे 20 इंची परावर्तक दुर्बीण होती. डब्लिनच्या ग्रब यांनी ती बनवली होती. डब्लिनचा अक्षांश 53, पुण्याचा साडेअठरा. 1912 साली वेधशाळा बंद झाल्यावर दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथला अक्षांश सव्वादहाच्या आसपास. तिथे ती वापरायची, तर अक्ष आणखी आठ अंश खाली आणणे आलेच.

आता तोलाकडे वळू. कावड खांद्यावर घेणारा माणूस एक बाजू जड असली, की खांदा त्या बाजूला सरकवतो. इथेही न्याय तोच. वजन गुणिले अंतर दोन्हीकडे सारखे हवे. नळी 5 किलोची आणि अक्षापासून 20 सेंटिमीटरवर असेल, तर 4 किलोचे वजन 25 सेंटिमीटरवर लागेल.

तिपाई समतल करून तिचा एक पाय उत्तरेला ठेवतात. मात्र आपल्याकडे अक्ष बराच आडवा असतो. त्यामुळे वजनाची दांडी फिरताना त्या पायावर आपटू शकते. म्हणून आधी रिकामी दांडी फिरवून पाहा. आपटत असेल, तर तिपाई थोडी वळवून घ्या. मग पहिल्यांदा वजन चढवा, नंतर नळी. उतरवताना उलट, नळी आधी आणि वजन शेवटी. हा क्रम चुकला, तर सारी बैठकच कलंडते.

नेत्रिका, शोधक दुर्बीण, जे काही लावायचे ते सारे लावून मगच तोल बघावा. दांडी आडवी करा, नळी हाताने धरून ठेवा आणि ध्रुव-अक्षाची पकड हळूच सैल करा. वजनाची बाजू खाली गेली, तर वजन अक्षाकडे सरकवा. वर गेली, तर बाहेर. ही पकड आवळली की दुसऱ्या अक्षाची सैल करा आणि नळी तिच्या कड्यांत पुढेमागे सरकवून जागच्या जागी थांबते का ते पाहा. शेवटी पहिला तोल पुन्हा एकदा तपासा. बैठकीला मोटर असेल, तर पूर्वेची बाजू अगदी किंचित जड राहू द्यावी. दात एकमेकांना टेकून राहतात आणि नळी हिसके देत नाही.

हे सगळे उजेड असतानाच उरकावे. अंधारात फक्त ध्रुव गाठायचे काम शिल्लक राहावे.

पुढच्या महिन्यात आम्ही ऊन असतानाच गडावर पोहोचलो. त्या आजी पुन्हा आल्या. या वेळी गुरू त्यांची वाट पाहत जागेवर थांबला होता. बराच वेळ डोळा लावून त्यांनी विचारले, "मास्तर, ही शेजारची चार पिल्लं कुणाची?" 1610 साली गॅलिलिओने पाहिलेले तेच ते चार चंद्र! मी त्यांना ती हकीकत सांगत होतो, आणि नळी कुणी न धरताही स्थिर होती.