यादगार फोटो : कागदावर द्यावा की मोबाइलवर?

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियासमोर घारापुरीच्या लाँच सुटतात, त्या वेळी थोडा वेळ उभे राहून पाहावे. गळ्यात कॅमेरा, खांद्याच्या पिशवीत छोटा प्रिंटर आणि हातात नमुन्याच्या फोटोंचा गठ्ठा घेतलेले फोटोवाले गर्दीतून फिरताना दिसतात. ‘‘साहेब, एक फोटो. लगेच देतो,’’ ही त्यांची हाक. गिऱ्हाईक बहुधा हसून खिशातला मोबाइल दाखवते आणि पुढे जाते. दहा जणांना हाक मारावी तेव्हा एखादा थांबतो, आणि थांबलेलाही विचारतो, ‘‘कागद नको भाई, मोबाइलवर पाठवाल का?’’

या एका प्रश्नावर आज यादगार फोटोंचा सारा धंदा अडून राहिला आहे. गेटवे असो, बीबी का मकबरा असो की महाबळेश्वरचा एखादा पॉइंट, फोटोवाल्याला रोज हा निर्णय घ्यावा लागतो. छापील प्रत द्यावी, नुसती फाइल द्यावी की दोन्ही द्यावे? भाव काय लावावा? या कसबावर घर चालविणाऱ्यांत आपल्या समाजातील माणसेही आहेत. म्हणून या प्रश्नाचा हिशेबाने आणि सचोटीने विचार करणे अगत्याचे आहे.

धंदा जुना, साधने नवी

यात्रेची आठवण म्हणून चित्र विकत घेण्याची चाल काही मोबाइलच्या काळातील नव्हे. इजिप्तच्या मुहम्मद सादिक बे यांनी १८६१ साली मदिनेची आणि १८८० साली मक्केची छायाचित्रे घेतली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दिल्लीच्या एच. ए. मिर्झा अँड सन्स या छायाचित्रकारांनी हरमैन शरीफैनची छायाचित्रे घेऊन त्यांच्या छापील प्रती विक्रीस काढल्या. ज्याला हजला जाणे जमले नाही, त्याच्या घरच्या भिंतीवर निदान चित्र तरी लागावे, ही त्यामागील गरज होती. वस्तू बदलली, पण गिऱ्हाइकाची ही भूक आजही तीच आहे.

गेटवेची पायाभरणी १९११ साली झाली आणि डिसेंबर १९२४ मध्ये ते खुले झाले. पर्यटनस्थळांवर रिळाचा कॅमेरा होता, तेव्हा फोटोवाला पैसे घेई, वहीत पत्ता लिहून घेई आणि फोटो टपालाने पाठवी. सारा व्यवहार विश्वासावर चाले. पोलरॉइडने ही वाट बदलली. १९४८ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या या कॅमेऱ्यातून फोटो जागच्या जागी तयार होई. मात्र त्याची फिल्म महाग होती आणि निगेटिव्ह हाती राहत नसे. २००८ साली पोलरॉइडने फिल्म बनविणे बंद केले. तोवर डिजिटल कॅमेरा आणि बॅटरीवर चालणारा लहान प्रिंटर आला होता. फोटो काढा, एक-दोन मिनिटांत हातात द्या, अशी सोय झाली आणि काही वर्षे या धंद्याला बरकत आली.

पुढे मोबाइलमधील कॅमेरे सुधारले. २०१६ साली इंटरनेट स्वस्त झाले. २०२० च्या टाळेबंदीत तर पर्यटनस्थळे ओस पडली आणि अनेकांनी कॅमेरा ठेवून दुसरे काम धरले. जे टिकून राहिले, त्यांच्यापुढे आता हा नवा सवाल आहे.

गिऱ्हाईक नक्की काय विकत घेते?

कोणत्याही दुकानदाराने आधी हे ओळखावे लागते. ज्याच्या खिशात कॅमेरा आहे, तो फोटोवाल्याकडून चित्र विकत घेत नाही. चित्र तो स्वतःच काढू शकतो. तो तीन गोष्टी विकत घेतो. पहिली, घरातील सर्व माणसे एका चौकटीत येणे. मोबाइल धरणारा माणूस नेहमी फोटोबाहेर राहतो. दुसरी, जागेची जाण. कमान पुरी दिसायला कुठे उभे राहावे, दुपारच्या उन्हात तोंडावर सावली पडू नये म्हणून कोणत्या बाजूला वळावे, हे रोज तेथे उभा राहणाऱ्यालाच ठाऊक. तिसरी, हातात पडणारा कागद.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टी फाइलमध्येही जातात. तिसरी मात्र फक्त प्रिंटमध्ये आहे. जो फोटोवाला नुसती फाइल विकतो, त्याची स्पर्धा थेट गिऱ्हाइकाच्या मोबाइलशी होते. जो कागद देतो, त्याची तशी होत नाही. बासी ईदच्या दिवशी नातवंडांना घेऊन फिरायला आलेल्या आजीला फाइलचे काय? तिला फोटो कपाटाच्या आरशात खोचायचा असतो. उलट कॉलेजच्या मुलाला कागद सांभाळायचा नसतो, त्याला तो लगेच मित्रांना पाठवायचा असतो. दोघेही आपलेच गिऱ्हाईक आहेत.

नफ्या-तोट्याचा हिशेब

आता आकडे मांडू. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. वाचकांनी आपल्या बाजारातील भाव घालून पुन्हा मांडावेत.

समजा, मॅक्सी साइजचा म्हणजे ४ × ६ इंची प्रिंट ६० रुपयांना जातो. कागद व रिबनचा खर्च २० रुपये, प्रिंटरची झीज आणि बॅटरी ५ रुपये. हाती उरले ३५. दिवसाला १५ प्रिंट गेले तर ५२५ रुपये. दोन प्रिंट बिघडले तर सामानाचे ४० रुपये वजा, म्हणजे ४८५.

समजा, नुसती फाइल ३० रुपयांना दिली आणि इंटरनेटचा खर्च १ रुपया धरला. हाती उरतात २९. पंधरा गिऱ्हाइकांचे ४३५ झाले. पहिल्याइतकी कमाई व्हायला सतरा गिऱ्हाइके लागतील. खर्च नाही म्हणून फाइलचा धंदा फायद्याचा, असे वाटते खरे. पण भाव अर्ध्यावर आला की खर्च वाचूनही मिळकत घटते, हे येथे दिसते.

तिसरा मार्ग जोडीचा. प्रिंट आणि फाइल मिळून ८० रुपये. खर्च २६ वजा जाता ५४ उरतात. पंधरांपैकी दहांनी जोडी घेतली आणि पाचांनी नुसती फाइल घेतली, तर ५४० आणि १४५ मिळून ६८५ रुपये होतात. बिघाडाचे ४० वजा केले तरी ६४५ उरतात. तात्पर्य, प्रिंटर विकून टाकण्याची घाई करू नये आणि फाइल देण्यास नकारही देऊ नये. फाइल फुकट वाटणे मात्र धंद्याच्या मुळावर येते. एकदा फुकट दिलेल्या वस्तूचे उद्या कोणी पैसे देत नाही.

माल चोख असावा

प्रिंट देणाऱ्याने आपल्या यंत्राची रीत समजून घ्यावी. रिबनवर चालणाऱ्या छोट्या प्रिंटरमध्ये पिवळा, किरमिजी आणि निळा असे तीन रंग उष्णतेने एकामागून एक कागदावर उतरतात आणि शेवटी वरून पारदर्शक थर बसतो. म्हणून कागद चार वेळा आतबाहेर होतो. फोटो फिका असो वा गडद, प्रत्येक प्रिंटला रिबनचा ठरलेला तुकडा खर्च होतोच. म्हणून छापण्याआधी गिऱ्हाइकाला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवून होकार घ्यावा. बिघाडाचा निम्मा खर्च तेथेच वाचतो. शाईच्या प्रिंटरचे तसे नाही. त्यात शाई चित्रानुसार लागते, आणि साध्या शाईचा ओला प्रिंट समुद्रकाठच्या दमट हवेत हात लागताच पसरण्याची भीती असते.

फाइल देणाऱ्यानेही माल पुरा द्यावा. ४ × ६ इंची चांगल्या प्रिंटला १२०० × १८०० म्हणजे सुमारे साडेएकवीस लाख ठिपके पुरतात. पण त्याच फोटोचा १२ × १८ इंची मोठा फोटो करायचा तर ३६०० × ५४०० ठिपके हवेत, म्हणजे नऊपट. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेला फोटो लहान होऊन जातो. २०२३ सालापासून त्यात एचडीची सोय आहे, आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. ज्याच्याकडून फाइलचे पैसे घेतले, त्याला लहान केलेली प्रत देणे म्हणजे मापात मारणेच होय. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना दिलेला इशारा तराजूपुरताच आहे, असे समजू नये.

सौदा आधी, फोटो नंतर

व्यवहारात माल काय, किती आणि केव्हा मिळणार हे अस्पष्ट राहिले, तर त्या दोषाला फिकहमध्ये ‘गरर’ म्हणतात. फोटोच्या धंद्यातील बहुतेक भांडणे यातूनच होतात. एक फोटो म्हणून सहा काढायचे आणि सहाही छापून पुढे करायचे. न विचारता क्लिक करून प्रिंट गळ्यात मारायचा. ‘पाठवतो’ म्हणून पैसे घ्यायचे आणि फाइल पाठवायचीच नाही. अशा एका प्रकाराने त्या दिवसाची कमाई होते, पण गिऱ्हाईक पुन्हा कोणत्याच फोटोवाल्यासमोर उभे राहत नाही. एकाच्या लोभाची किंमत सारे भाईबंद भरतात. यावर उपाय सोपा आहे. प्रिंटचा, फाइलचा आणि जोडीचा भाव लिहिलेला एक पुठ्ठा गळ्यात असावा. फाइल गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर उघडलेली पाहूनच निरोप घ्यावा.

कायद्याची एक बाब बहुतेकांना ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, एखाद्याने सांगून आणि मोबदला देऊन काढविलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, तो काढविणाराच असतो. म्हणजे गिऱ्हाइकाचा फोटो त्याच्या परवानगीवाचून नमुना म्हणून मिरविता येत नाही, की कोणाला विकता येत नाही. नमुन्यासाठी आपल्याच घरच्या मुलांचे फोटो काढावेत, किंवा गिऱ्हाइकाची लेखी संमती घ्यावी.

येथे अमानतीचा प्रश्नही येतो. आयाबहिणींचे फोटो रात्री आपल्या कार्डात आणि मोबाइलमध्ये राहतात. काम होताच ते पुसून टाकण्याची सवय ठेवावी. इतकेच नव्हे, वापरलेल्या रिबनवर छापलेल्या प्रत्येक फोटोची उलटी छबी उमटलेली राहते, हे कित्येक फोटोवाल्यांच्याही ध्यानात येत नाही. संपलेली रिबन तशीच कचऱ्यात न टाकता कापून नष्ट करावी. ‘तुमचा फोटो तुमच्यासमोर पुसला’ असे दाखविणाऱ्या फोटोवाल्याकडे पडदानशीन कुटुंबेही भरवशाने येतील.

फोटोच्या शरई हुकमाबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. काही उलमा पडद्यावरील डिजिटल छबी आणि कागदावर छापलेले चित्र यांत फरक करतात आणि छापल्यानंतरच त्याला तस्वीर मानतात. इतर तसा फरक मानीत नाहीत. ज्याला शंका असेल, त्याने आपल्या विश्वासातील आलिमला विचारावे. एखाद्या गिऱ्हाइकाने याच कारणाने कागद नको म्हटले, तर आग्रह न धरता फाइल द्यावी.

गिऱ्हाइकाला द्यावयाचा सल्ला

प्रिंटसोबत दोन शब्द सांगितले तर मालाची किंमत वाढते. फोटो थेट उन्हात लावू नये. काचेला चिकटेल असा बसवू नये. पावसाळ्यात तो काचेलाच धरतो. रिबनवरचा प्रिंट मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला तर रंग प्लास्टिकमध्ये उतरतो. म्हणून कागदी पाकीट द्यावे. त्या पाकिटावर स्थळ, तारीख आणि आपला फोन नंबर छापलेला असावा. ही छोटी गोष्ट पुढच्या वर्षीची ऑर्डर आणू शकते.

फाइल घेणाऱ्याला सांगावे की, मोबाइल हरवतो, बिघडतो, बदलला जातो. फाइल दोन ठिकाणी ठेवावी. फाइल जपली तर हजार प्रती निघतात आणि एकही जुनी होत नाही. पण ठेवणाऱ्याने आळस केला तर ती एका क्षणात जाते. कागद पिवळा पडतो, कोपरे दुमडतात, तरी कपाट आवरताना तो अचानक हाती येतो. मोबाइलच्या हजारो फोटोंत दडलेला फोटो मात्र कोणी शोधल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून कागद की फाइल, असा वाद घालण्याचे कारण नाही. कागद घरासाठी, फाइल दूरच्या नातेवाइकांसाठी. फोटोवाल्याने दोन्ही बाळगावे, भाव उघड ठेवावा आणि दिलेला शब्द पाळावा. मोबाइलने या धंद्याचे एक दार बंद केले आहे, हे खरे. पण संपूर्ण कुटुंबाला एका चौकटीत उभे करून, दोन मिनिटांत त्यांच्या हाती आठवण ठेवणारा माणूस मोबाइलमध्ये नाही. रोजी देणारा अल्लाह आहे. चोख माल आणि साफ व्यवहार एवढे आपल्या हाती आहे.