नांगर धरतो तो दोराच्या लांबीवर

मालवणच्या किनाऱ्यावर नवी पोरं नांगराचं वजन विचारतात. मी आधी दोर किती आहे ते विचारतो. दोर तोकडा असला की लाटेबरोबर होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलली जाते, नांगराला वरच्या दिशेने हिसका बसतो आणि तो वाळूतून उपटून निघतो. दोर लांब असला तर ओढ आडवी लागते आणि फाळ आणखी रुततो.

हिशेब सरळ आहे. पाणी तीन वाव, उधाणाच्या भरतीची वाढ एक वाव, नाळेची पाण्यावरची उंची अर्धा वाव. झाले साडेचार. त्याच्या निदान पाचपट दोर हवा, वारा भरला तर सातपट. म्हणजे साडेएकतीस वाव. नांगरालगत दोन-तीन वाव साखळी हवीच. तिच्या वजनाने ओढ तळाशी राहते आणि खडकावर दोर कापला जात नाही. दोर नायलॉनचा घ्यावा. तो ताणतो, हिसका पोटात घेतो. नाळेवर घासतो तिथे मात्र जुनं कापड गुंडाळा.

नांगर फेकू नये, हाताखालून सोडावा आणि होडी वाऱ्याबरोबर मागे जाऊ द्यावी. मग ताणलेल्या दोरावर तळवा ठेवा. थरथर जाणवली तर नांगर तळावर फरफटतोय. दोर आणखी सोडा. किनाऱ्यावरचा एक माड आणि त्यामागचं एखादं छप्पर एका रेषेत धरा. रेषा सरकू लागली तर होडी सरकतेय.

आणि मागच्या बाजूने एकटा नांगर कधीही बांधू नका. तिथे काठ बुटका, इंजिनाचं वजनही तिथेच. दोन लाटा आत आल्या की होडी बसते. यात माणसं जातात.